ड्रॅगनची लूट आणि उंटाचं मांस

या ईदला भाच्याला मिळालेली सगळी ईदी दोन दिवसांत मोबाईलवरच्या एका खेळात गेली. "मामू, पेटीतून तलवार निघणार होती," एवढंच तो म्हणाला. तलवार निघाली नाही. बहिणीच्या मते हा सरळ जुगार. भाचा म्हणतो, नशीब तर प्रत्येक खेळात असतं. दोघांचंही थोडं थोडं खरं आहे.

1999 च्या मार्चमध्ये 'एव्हरक्वेस्ट' हा ऑनलाइन खेळ आला. महिन्याची वर्गणी सगळे सारखीच भरत. त्यात लेडी व्हॉक्स आणि लॉर्ड नागाफेन हे दोन ड्रॅगन मारायला अनेकांना तासन्‌तास एकत्र राबावं लागे. ड्रॅगन मेला की कोणती वस्तू मिळणार हे संगणक ठरवी. वस्तू मोजक्या, मागणारे पुष्कळ. फासे टाकावेत तर पहिल्यांदाच आलेला गडी ती घेऊन जाई आणि महिनाभर राबलेला हात हलवत परते. तेव्हा 'आफ्टरलाइफ' नावाच्या गटातल्या थॉट या टोपणनावाच्या खेळाडूनं हिशेबाची वही घातली. मोहिमेला हजर राहिलं की गुण जमा, वस्तू घेतली की वजा. हेच 'ड्रॅगन किल पॉइंट्स', म्हणजे डीकेपी. मला याचं फार अप्रूप वाटतं. कंपनीनं सोडत ठेवली होती, खेळणाऱ्यांनी तिच्यावर रोजगार हमीचं हजेरीपत्रक चढवलं! अर्थात जुने लोक गुण साठवून बसत आणि नव्याच्या वाट्याला उरलंसुरलं येई, हेही झालंच.

2004 च्या 'वर्ल्ड ऑफ वॉरक्राफ्ट'मध्ये चाळीस-चाळीस जणांच्या मोहिमा आल्या, तिथंही डीकेपी गेलं. 2007 मध्ये तर कंपनीनंच 'बॅज ऑफ जस्टिस' दिले. बॅज जमवा, ठरलेली वस्तू घ्या.

आता उंटाकडे येतो. इस्लामपूर्व अरबस्तानात उंट कापून त्याचे वाटे बाणांच्या सोडतीनं ठरवत. कोरा बाण आला त्याला मांस नाही, वर उंटाची किंमतही त्याच्याच माथी. हा मैसिर, सूरह माइदाच्या 90 व्या आयतीत मना केलेला. पण चिठ्ठी सरसकट मना नाही. प्रवासाला कोणती पत्नी सोबत येणार हे पैगंबर (स.) चिठ्ठी टाकून ठरवत, असं बुखारीच्या हदीसमध्ये आहे. तिथं कुणी काही पणाला लावलेलं नसे. ड्रॅगनपुढचे फासे मला या चिठ्ठीच्या जवळचे वाटतात. राबले सगळे, हक्क सगळ्यांचा, वस्तू एक. पैसे मोजून उघडायची पेटी मात्र कोऱ्या बाणाची. 2018 मध्ये बेल्जियमच्या जुगार आयोगानं काही खेळांमधल्या अशा पेट्या जुगारच ठरवल्या. चीननं त्याआधीच, 2017 मध्ये, पेटीतून काय निघण्याची शक्यता किती हे जाहीर करायला लावलं होतं.

भाच्याच्या खेळातही तो आकडा होता, एका बारीक बटणामागे. आम्ही दोघांनी मिळून वाचला. तलवारीपुढं अर्धा टक्का.

"म्हणजे दोनशे पेट्या, मामू?"

"दोनशे उघडूनही निघेलच असं नाही, बेटा."

तो कागद घेऊन गणित करत बसला.