मापात पाप, अर्थात वेटसूटची गोष्ट

आमच्या ऑफिसात सध्या ट्रायथलॉनची साथ आली आहे. आधी मॅरेथॉनची होती, मग सायकलची. आता दोन्हीत पोहणं मिसळून नवाच स्ट्रेन तयार झालाय. लागण झालेल्यांपैकी दोघांनी थेट युरोपातल्या थंड तळ्यात उडी मारायचं ठरवलं आणि वेटसूट शोधायला लागले. दोघांची उंची ५ फूट ७ इंच, वजन ७० किलो, त्यामुळे साइझ चार्टने दोघांना एकच साइझ सांगितला. आता ह्यातला एक कॉलेजपासून जिममध्ये पडीक, खांदे दाराला घासतील असे. दुसरा साधारण माझ्याच वळणाचा, म्हणजे हातपाय काटकुळे आणि जी काही इस्टेट आहे ती मध्यभागी! ह्या दोघांना एकच अंगाबरोबरचा कपडा बसणार कसा?

एवढ्याशा प्रश्नापायी अख्खा शनिवार वाचण्यात गेला. वेटसूटला माप इतकं का लागतं हे कळायला तो मुळात बनला कसा हे बघावं लागतं, आणि ती गोष्ट जाते थेट अणुबॉम्बवाल्यांपर्यंत.

ह्यू ब्रॅडनर हा भौतिकशास्त्रज्ञ. महायुद्धात लॉस अलामॉसला मॅनहॅटन प्रकल्पावर होता, नंतर कॅलिफोर्नियात बर्कलीला आला. अमेरिकन नौदलाला तेव्हा एक प्रश्न सतावत होता. पाण्याखाली काम करणारी आपली माणसं थंडीने गारठतात, त्यांचं करायचं काय? तोपर्यंतचं उत्तर होतं कोरडा सूट. रबराचा बंद पिशवीसारखा पोशाख, पाणी आत येऊच द्यायचं नाही. युद्धात ब्रिटिश पाणबुड्यांचा असाच एक स्लेडन सूट होता. तो घालणाऱ्यांनी त्याला 'चिकट मरण' अशा अर्थाचं टोपणनाव ठेवलं होतं, त्यावरून अंदाज करा. शिवाय अशा सूटला कुठे फाटलं की संपलं.

ब्रॅडनरने प्रश्नच उलटा केला. माणूस कोरडा कशाला राहायला हवा? तो उबदार राहिला की झालं! उष्णता अडवते ती हवा, आणि ती हवा कापडाच्या आतच बंद बुडबुड्यांत कोंडली तर अंग ओलं झालं तरी काय बिघडलं? २१ जून १९५१ च्या एका पत्रात त्याने हा मुद्दा मांडलेला आहे. पाणी हवेच्या जवळपास २५ पट वेगाने उष्णता वाहून नेतं, हे बारावीच्या फिजिक्सइतकंच ज्ञान. पण त्यावरून 'ओला सूट' सुचायला डोकं लागतं. कापड कुठलं, हे सुचवलं स्क्रिप्स समुद्रविज्ञान संस्थेच्या विलर्ड बास्कमने: फेसाळ निओप्रीन. निओप्रीन हे कृत्रिम रबर ड्यूपाँटच्या प्रयोगशाळेत १९३० मध्येच तयार झालं होतं. ते फुगवून त्यात वायूचे बंद बुडबुडे ठेवले की झाला वेटसूटचा कपडा.

इथे एक लोकप्रिय गैरसमज मोडायला हवा. 'सूटच्या आतला पाण्याचा पातळ थर अंगाच्या उष्णतेने तापतो आणि तोच आपल्याला उबदार ठेवतो' असं आंतरजालावर जागोजागी लिहिलेलं सापडतं. पाणी कसलं उबदार ठेवतंय? ऊब धरतात ते रबरातले बुडबुडे. आतल्या पाण्याचं काम एवढंच, की त्याने एकदा तापलं की जागच्या जागी गुपचूप बसून राहावं.

आणि ते गुपचूप बसतं की नाही, हे ठरतं मापावर.

जरा गणित करू. (इंजिनिअरिंगची चार वर्षं कुठेतरी वसूल व्हायला हवीत.) समजा सूट सैल आहे आणि कमरेच्या खोलगट भागात, काखेत, पोटाशी मिळून दोन लिटर पाणी साठलं. तळ्याचं पाणी १५ अंश. ते ३० अंशांवर न्यायला लागतात साधारण १२६ किलोज्यूल, म्हणजे ३० किलोकॅलरी. स्वस्थ बसलेला माणूस साधारण १०० वॅट उष्णता तयार करतो, म्हणजे ही झाली त्याची वीसेक मिनिटांची कमाई. एकदाच खर्च झाला तर हरकत नाही. पण सैल गळ्यातून दर हाताला थोडं गरम पाणी बाहेर आणि थोडं गार पाणी आत, असा पंप सुरू झाला की तुम्ही तळं तापवायला बसलात! मग सूट कितीही महागाचा असो.

ब्रॅडनरला ह्या शोधातून फारसं काही मिळालं नाही. नौदलाने सूट नाकारला, कारण काय तर त्यातल्या वायूच्या बुडबुड्यांमुळे पाणबुडे शत्रूच्या सोनारवर दिसतील. पेटंटचा अर्ज फेटाळला गेला, कारण डिझाइन वैमानिकांच्या सूटसारखं वाटलं. पैसे केले ते लाटांवर खेळणाऱ्यांनी. १९५२ मध्ये सॅन फ्रान्सिस्कोत जॅक ओनीलने दुकान थाटलं. दक्षिणेला रेडोंडो बीचवर बिल आणि बॉब मायस्ट्रेल हे जुळे भाऊ सूट विकायला लागले. मूळ शोधाचं श्रेय कोणाचं ह्यावर पुढे बरीच वर्षं वाद चालला. १९९८ मध्ये स्क्रिप्समध्येच जुन्या कागदपत्रांचा अभ्यास झाला, त्याचा कौल ब्रॅडनरला गेला. मला मात्र मायस्ट्रेल बंधूंच्या ब्रँडचं नाव आवडतं: बॉडी ग्लव्ह. हातमोजा जसा बोटागणिक बसतो तसा हा अंगाला बसतो. नाव पुढे सुचलं, पण त्यात त्यांनी नेमकं मर्म घातलं. सुरुवातीच्या उघड्या रबराला आतून कापडाचं अस्तरही नसायचं. अंगाला टाल्कम पावडर फासल्याशिवाय सूट चढायचा नाही, हे वेगळं.

ह्या सगळ्यात ट्रायथलॉन कुठेच नव्हती. ती जन्मली १९७४ मध्ये सॅन दिएगोच्या मिशन बेवर. १९७८ ची पहिली आयर्नमॅन हवाईत झाली, तिथलं पाणी कोमट, त्यामुळे वेटसूटचा प्रश्नच आला नाही. पण स्पर्धा थंड पाण्याकडे सरकल्या. १९८१ मध्ये सॅन फ्रान्सिस्कोत अल्काट्राझच्या तुरुंगाच्या बेटावरून सुटकेची ट्रायथलॉन सुरू झाली, तेव्हा गाठ होती हाडं गोठवणाऱ्या खाडीशी. लोक सर्फिंगचे सूट चढवून पोहायचे. आता सर्फर बराच वेळ फळीवर बसलेला नाहीतर उभा असतो. त्याचा सूट टिकाऊ, बाहेरून नायलॉन चढवलेला. तो घालून दीड किलोमीटर फ्रीस्टाइल म्हणजे जीन्स घालून सूर्यनमस्कार. (खरे थंड पाण्याचे वीर ह्या भानगडीतच पडत नाहीत. पुण्याच्या रोहन मोरेने ओशन्स सेव्हनच्या सातही सामुद्रधुन्या २०१८ पर्यंत पुऱ्या केल्या त्या साध्या पोहण्याच्या कपड्यात. त्या स्पर्धाप्रकारात वेटसूट चालतच नाही. असो.)

१९८७ मध्ये डॅन एम्फिल्डने क्विंताना रू नावाची कंपनी काढली आणि खास पोहण्यासाठी बेतलेला वेटसूट बाजारात आणला. रबराची गुळगुळीत बाजू बाहेर, म्हणजे पाणी सरकून जाईल. पुढे ह्याच वाटेने आजचा सूट घडला: खांद्याशी दीड-दोन मिलिमीटर पातळ, छाती-मांड्यांशी जाड, म्हणजे पाय तरंगतील. १९८९ मध्ये नेदरलँड्सच्या तूसां आणि सहकाऱ्यांनी मोजून दाखवलं, की सेकंदाला सव्वा मीटर वेगाने पोहताना असा सूट पाण्याचा विरोध सुमारे १४ टक्क्यांनी कमी करतो. ऊब बाजूलाच राहिली, वेटसूट हे वेगाचं हत्यार झालं! म्हणून तर नियम आले. रबर ५ मिलिमीटरपेक्षा जाड नको, आणि आयर्नमॅनमध्ये हौशी स्पर्धकांसाठी पाणी २४.५ अंशांच्या वर गेलं तर सूटच नको.

पण हे हत्यार सगळ्यांच्या हातात सारखं चालत नाही. १९९१ मध्ये लॉरेन कॉर्डेन (हो, पुढे पॅलिओ डाएटवाला झाला तोच) आणि कोप्रिवा ह्यांनी पोहणाऱ्यांना वेटसूटसह आणि वेटसूटविना पोहायला लावलं. जास्त फायदा झाला सडपातळ लोकांना. उघड आहे, चरबी मुळातच तरंगते. ज्याच्याकडे ती स्वतःची आहे त्याला रबराची उसनी कशाला?

आता परत त्या चार्टकडे या. त्यात पहिले दोन आकडे उंची आणि वजन. म्हणजे वेगळ्या कपड्यातला बीएमआयच! आणि बीएमआयची गंमत पुण्याच्या केईएम रुग्णालयाच्या डॉ. चित्तरंजन याज्ञिकांनी जगाला दाखवली आहे. २००४ मध्ये 'लॅन्सेट'मध्ये त्यांनी स्वतःचा आणि लंडनच्या डॉ. जॉन युडकिन ह्यांचा शेजारीशेजारी फोटो छापला. दोघांचा बीएमआय तंतोतंत सारखा, २२.३. शरीरातली चरबी? युडकिन ९.१ टक्के, याज्ञिक २१.२ टक्के. आमच्या भाषेत ह्याला हॅश कोलिजन म्हणतात: दोन वेगळे इनपुट, एकच हॅश. तो हॅश घेऊन तुम्ही मूळ माणूस परत मिळवू पाहताय. आणि सूट बहुतेक पाश्चात्त्य अंगांवर बेतलेले. तिथल्या ७० किलोंतलं जे खांद्यात असतं ते आपल्याकडे बऱ्याचदा पोटात असतं. शिंप्याकडे शिवलेल्या कपड्याला निदान शिलाईत माया असते, पुढेमागे उसवता येतं. वेटसूट चिकटवून शिवलेला, त्यात माया नाही.

मग घट्टातला घट्ट घ्यावा का? इथे मी जरा गंभीर होतो. अमेरिकेत जानेवारी २००६ ते सप्टेंबर २००८ ह्या काळात साडेनऊ लाखांवर सहभागींमध्ये ट्रायथलॉनमध्ये १४ मृत्यू झाले, असा अभ्यास २०१० मध्ये प्रसिद्ध झाला. त्यातले १३ पोहताना. ह्याचा दोष वेटसूटवर टाकणं चूक आहे. शवविच्छेदन झालेल्यांपैकी अनेकांच्या हृदयात आधीपासून दोष सापडले. पण क्षणभर ते दृश्य बघा. गार पाण्यात पडताक्षणी श्वास आपोआप धापा टाकायला लागतो, आजूबाजूला शे-दोनशे हातपाय, आणि त्यात गळ्याशी आवळणारी पट्टी अन् छाती फुगू न देणारं रबर. घाबरायला आणखी काय लागतं? आपल्याकडच्या लोकांना तर हे सगळं एकदमच भेटतं, कारण सरावाला थंड पाणीच नाही. गोव्यात २०१९ मध्ये मिरामारला आयर्नमॅन ७०.३ सुरू झाली, पण समुद्र इतका कोमट की वेटसूट नियमातच बसत नाही. म्हणजे अनेकांचा पहिला वेटसूट चार्ट बघून मागवलेला आणि पहिली डुबकी परदेशात, शर्यतीच्याच आठवड्यात.

तेव्हा उंची-वजन बघा, पण टेप आणा आणि छातीचा घेर, गळा आणि खांद्यापासून जांघेपर्यंतची लांबी मोजा. धड लांब असेल तर आखूड सूट खांदे खाली ओढतो आणि दर हाताला रबराशी कुस्ती. घालताना आधी जांघेत पूर्ण वर ओढायचा, मग कंबर, खांदे शेवटी. कित्येक 'खांद्याला घट्ट' सूट नुसते खाली राहिलेले असतात. पाठीच्या खोलगट भागात चिमटीत येण्याइतकं रबर सुटत असेल तर तिथे पाण्याची टाकी होणार. जमिनीवर घट्ट वाटणं ठीक, पाण्यात तो थोडा सैलावतो. पण खोल श्वास पूर्ण घेता आला पाहिजे, हात डोक्यावर नेले तर गळा आवळता कामा नये. दोन साइझच्या मध्ये अडकलात आणि पहिल्यांदाच घेताय, तर माझं मत मोठ्याच्या बाजूने, गळा नीट बसत असेल तर. खांदे फारच रुंद असतील तर बिनबाह्यांचा बघा. थोडी ऊब जाते, पण हात मोकळे राहतात. गळ्याला कच लागू नये म्हणून वंगण लावतात, पण घरातली व्हॅसलिन नको, पेट्रोलियमने निओप्रीन खराब होतं.

पाय लांब झाले तर काळजी नको. घोट्यावरचं दोन-चार इंच रबर लोक सरळ कात्रीने कापून टाकतात, उलट सूट काढायला सोपा पडतो.