निवळी, नाम आणि गाळ

हिंगोली जिल्ह्यातील नरसी नामदेव हे गाव कयाधू नदीच्या काठी वसले आहे. परंपरा त्याला संत नामदेवांचे (१२७०-१३५०) जन्मस्थान मानते. आणि कयाधू हे तर प्रल्हादाच्या मातेचे नाव. नामभक्तीची अशी दुहेरी खूण असलेल्या या काठावरून पाणी निवळण्याचा इतिहास वाचू लागलो, की नामाविषयीचाच एक जुना आक्षेप आपल्यासमोर उभा राहतो.

मनुस्मृतीच्या सहाव्या अध्यायात, आचरणावाचून बाह्य चिन्हे व्यर्थ आहेत हे सांगताना, कतकफळाचा दृष्टान्त येतो. हे फळ पाणी स्वच्छ करते, पण त्याचे नुसते नाव घेतल्याने ते काम होत नाही. कतक म्हणजे आपली निवळी. सुश्रुतसंहितेने सांगितलेल्या पाणी निवळण्याच्या सात साधनांतही ती आहे. पुढे घरोघरी पावसाळी पाण्यात तुरटी फिरू लागली. गढूळ पाण्यातील सूक्ष्म कणांवर सारखाच ऋण विद्युतभार असतो. ते परस्परांना दूर लोटतात, म्हणून तळाशी बसत नाहीत. तुरटीने तो भार ओसरला की त्यांच्या गुठळ्या होतात आणि त्या खाली बसतात.

सांडपाण्याच्या शुद्धीकरणाला नवे वळण मिळाले ते १९१४ साली. मँचेस्टरच्या आर्डर्न आणि लॉकेट यांनी सांडपाण्यात हवा खेळवून जिवाणूंच्या गाळाकरवी ते शुद्ध करण्याची पद्धत मांडली. येथे शुद्ध करणारा गाळच असतो. पण तो नीट बसला नाही, तर प्रक्रिया केलेले पाणीही गढूळ राहते. मग तुरटीसारखे द्रव्य, संथ ढवळणे, पुन्हा निवळणे आणि वाळूची गाळणी असा क्रम येतो. हे केवळ डोळ्यांच्या समाधानासाठी नसते, कारण कणांच्या आडोशाला रोगजंतू क्लोरीनपासून बचावतात. उलटपक्षी, विरघळलेले क्षार नितळ पाण्यातही राहतात. निवळ ते सारे शुद्ध, असे म्हणता येत नाही.

आपल्या भाषेचे लक्ष मात्र वरच्या थरावरच राहिले. चुन्याची निवळी म्हणजे वरचे स्वच्छ पाणी. वातावरण निवळते, मनही निवळते. गाळ उरला तो रुतण्यापुरता. तो उपसणाऱ्या हातांना वाक्प्रचारांत स्थान नाही, आणि हे हात कोणत्या जातींचे होते ते आपण जाणतो. हाताने मैला वाहून नेण्याच्या प्रथेविरुद्ध १९९३ साली एक आणि २०१३ साली दुसरा कायदा करावा लागला, यातच पुष्कळ काही आले.

म्हणूनच नामदेवांचे स्मरण येथे अप्रस्तुत नाही. मंगळवेढ्यास कूस कोसळून चोखोबा गाडले गेले, तेव्हा ढिगाऱ्यातून त्यांच्या अस्थी शोधून नामदेवांनी त्या पंढरपुरास आणल्या, असे परंपरा सांगते. मनूच्या दृष्टान्ताला याहून समर्पक उत्तर आम्हांस तरी ठाऊक नाही. नामाने पाणी निवळत नसेल. पण ज्याच्या मुखी नाम होते, तो ढिगारा उपसायला गेला होता.