साथीच्या आधीचे दिवस
(प्रस्तावना)

गावात तापाची साथ आली असे आपण म्हणू लागतो, तेव्हा ती येऊन निदान दोन-तीन आठवडे उलटलेले असतात. डासांमुळे पसरणाऱ्या विषाणूजन्य आजारांचा अभ्यास मुख्यतः या उलटून गेलेल्या दिवसांचा आहे. त्या दिवसांत रुग्ण दिसत नाहीत, रक्ताचे अहवालही नसतात. दिसते ते साठवलेले पाणी, त्यातल्या अळ्या आणि माणसांची ये-जा. हे तीन धागे ज्याला वाचता येतात, त्याला साथ येण्याआधी काही करता येते. या विषयात नव्याने येणाऱ्या विद्यार्थ्यांना, आरोग्यसेवकांना, आशाताईंना, शिक्षकांना आणि ग्रामपंचायतीच्या सदस्यांना सुरुवातीलाच एवढे सांगावेसे वाटते, की या शास्त्राचा मोठा भाग प्रयोगशाळेबाहेर, आपल्याच अंगणात आहे.

डेंग्यू, चिकुनगुनिया, झिका आणि जपानी मेंदूज्वर हे यातले आपल्या दृष्टीने महत्त्वाचे चार आजार. ते समजून घेण्यासाठी इथे कर्जत आणि खालापूर हे रायगडच्या घाटपायथ्याचे दोन तालुके समोर ठेवले आहेत. त्याला कारण आहे. वर्षाला तीन हजार मिलिमीटरहून अधिक पाऊस, आणि तरीही मे महिन्यात हंडाभर पाण्यासाठी पायपीट, अशी दोन टोके इथे एकाच पंचक्रोशीत सापडतात. टाटांच्या खोपोली (१९१५) आणि भिवपुरी (१९२२) येथील जलविद्युत केंद्रांतून सुटणारे पाणी पाताळगंगा आणि उल्हास या नद्यांना उन्हाळ्यातही वाहते ठेवते. पण डोंगरउतारावरच्या ठाकूर-कातकरी वाड्यांना त्याच दिवसांत टँकरची वाट पाहावी लागते. टँकर कधी येईल याचा भरवसा नसला, की घरातले प्रत्येक भांडे भरून ठेवावे लागते. एडिस इजिप्ती या डासाला नेमके हेच हवे असते.

या डासाची राहणी नीट समजली, की पुढचे बरेच उलगडते. तो गटारात वाढत नाही. त्याला माणसाच्या घराजवळचे, साठवलेले, बऱ्यापैकी स्वच्छ पाणी लागते. मादी दिवसा चावते, विशेषतः सकाळी आणि दिवस कलताना. तिची झेपही सहसा शे-दोनशे मीटरच्या आतलीच. म्हणजे घरात चावणारा एडिस बहुधा आपल्या किंवा शेजाऱ्याच्या पिंपातच जन्मलेला असतो. तिची अंडी पाण्याच्या पातळीच्या किंचित वर, भांड्याच्या ओलसर भिंतीला चिकटलेली असतात. पाणी आटले तरी ती कित्येक महिने कोरडी तग धरतात आणि पाणी चढले की उबतात. म्हणून पिंप नुसते उपडे करून भागत नाही. आतून काथ्याने खसखसून घासावे लागते.

एखाद्या वाडीत दुपारी निळ्या पिंपाचे झाकण उचलून पाहा. झाकण उघडताच सावली हलते आणि अळ्या वळवळत तळाशी जातात. घाईने पाहणारा ‘पाणी स्वच्छ आहे’ असे लिहून पुढे निघतो. थोडे थांबावे, हालचाल करू नये, बॅटरीचा झोत पाण्यावर तिरपा धरावा. मिनिटा-दोन मिनिटांत त्या श्वासासाठी वर येतात आणि शेपटाकडची श्वासनळी पृष्ठभागाला लावून तिरप्या लटकतात. त्यांच्यात स्वल्पविरामासारखे वाकडे कोष दिसले, तर दोन-तीन दिवसांत तिथून डास उडणार हे नक्की. या शास्त्रातला पहिला धडा हा असा थांबण्याचा आहे.

दुसरा धडा मुदतींचा. आपल्या पावसाळी हवेत अंडे उबल्यापासून डास उडेपर्यंत साधारण सात ते दहा दिवस लागतात. तापलेल्या माणसाला चावलेल्या मादीच्या अंगात डेंग्यूचा विषाणू वाढून तिच्या लाळेत उतरायला साधारण आठ ते बारा दिवस जातात, आणि मग ती जगेल तोवर विषाणू पसरवू शकते. तिने चावलेल्या माणसाला ताप यायला बहुधा चार ते सात दिवस लागतात. आता समजा, मुंबईहून एक जण अंगात ताप घेऊन शनिवारी नेरळजवळच्या घरी आला. त्याच्यापासून गावातल्या दुसऱ्या माणसाला ताप येईपर्यंत दोन आठवडे सहज निघून जातात. त्या माणसाने दोन दिवस अंगावर काढले, मग रक्त दिले, मग अहवाल आला. तोवर गावातल्या आणखी काही माद्यांनी विषाणू उचललेला असतो. आठवड्यातून एक ‘कोरडा दिवस’ पाळा, असे आरोग्य खाते सांगते ते याच हिशोबाने: सात दिवसांच्या आत भांडे रिकामे करून घासले, तर त्यातली अळी उडण्याआधीच संपते. हा हिशोब समजलेला माणूस कोरडा दिवस चुकवत नाही.

महाराष्ट्राच्या दृष्टीने या क्षेत्राचा इतिहास पुण्यात सुरू होतो. १९५२ मध्ये भारतीय वैद्यकीय संशोधन परिषद आणि रॉकफेलर फाउंडेशन यांनी मिळून तिथे विषाणू संशोधन केंद्र उभारले. तीच आजची राष्ट्रीय विषाणू विज्ञान संस्था, म्हणजे एनआयव्ही. चिकुनगुनियाची कथा या संस्थेच्या कामाशी जोडलेली आहे आणि प्रत्येक अभ्यासकाने ती जाणून घ्यावी अशी आहे. १९६३ मध्ये कोलकात्यात आणि त्यानंतर दक्षिणेत हा आजार उसळला. १९७३ मध्ये सोलापूर जिल्ह्यातल्या बार्शीत त्याने एक तृतीयांशाहून अधिक लोकांना गाठले. आणि मग तो जवळजवळ नाहीसा झाला. तो गेला कुठे, हा प्रश्न संस्थेच्या संचालक डॉ. खोर्शेद पावरी यांनी १९८६ मध्ये शोधनिबंधातून मांडला. २००० साली पुणे जिल्ह्यातल्या यवतमध्ये पकडलेल्या एडिस डासांत संशोधकांना हाच विषाणू सापडला. २००५-०६ मध्ये मोठी साथ उसळली, मालेगाव त्यात होरपळले आणि २००६ या एका वर्षात देशभर सुमारे १३.९ लाख संशयित रुग्ण नोंदले गेले. नंतर जनुकीय तपासणीत दिसले, की बार्शीच्या काळातला विषाणू आशियाई वंशाचा होता, तर यवतचा आणि नव्या साथीचा आफ्रिकी वंशाचा. म्हणजे नवा पाहुणा महामार्गावरच्या एका गावातल्या डासांत पाच वर्षे आधीच येऊन राहिला होता. रुग्ण नसतानाही डास पकडून तपासत राहण्याचे मोल यवतने दाखवून दिले.

दुसरे उदाहरण अलीकडचे. जुलै २०२१ मध्ये पुरंदर तालुक्यातल्या बेलसर गावात तापाचे रुग्ण वाढले. सुरुवातीच्या काही नमुन्यांत चिकुनगुनिया सापडला. एनआयव्हीच्या पथकाने बेलसर आणि परिंचे इथून आणखी ४१ नमुने घेतले. त्यांतल्या २५ जणांना चिकुनगुनिया, तिघांना डेंग्यू आणि एका महिलेला झिका झाल्याचे निष्पन्न झाले. महाराष्ट्रातला झिकाचा हा पहिला रुग्ण. त्याच परिसरात, त्याच डासांमार्फत तीन विषाणू एकाच वेळी फिरत होते. ‘साधा ताप आहे, साथच चालू आहे’ असे म्हणून नमुना न घेणे किती महागात पडू शकते, हे इथे कळते. तपासणीच्या वेळेलाही अर्थ असतो: डेंग्यूची एनएस-१ चाचणी पहिल्या पाच दिवसांत उपयोगी, आयजीएम प्रतिपिंडांची चाचणी त्यानंतर. चुकीच्या दिवशी घेतलेले रक्त खोटा दिलासा देते.

डासांविरुद्धच्या लढाईशी आपल्या भागाचा आणखी एक जुना संबंध आहे. खालापूर तालुक्यातल्या रसायनीत हिंदुस्थान इन्सेक्टिसाइड्स या सरकारी कंपनीच्या कारखान्यात डीडीटी तयार होत असे. १९५३ मध्ये सुरू झालेल्या राष्ट्रीय मलेरिया नियंत्रण कार्यक्रमाने डीडीटीच्या जोरावर हिवतापाचे प्रमाण झपाट्याने खाली आणले. पुढे ढिलाई झाली, डास औषधाला सरावले आणि १९७६ मध्ये रुग्णसंख्या ६४ लाखांवर गेली. हिवतापाचा अ‍ॅनोफिलिस रात्री चावतो आणि भिंतीवर विसावतो, म्हणून भिंतीवरची फवारणी त्याला लागू पडली. एडिस मात्र खाटेखाली, टांगलेल्या कपड्यांच्या घडीत, कोनाड्यातल्या अंधारात बसतो. संध्याकाळी रस्त्यावरून जाणाऱ्या धुराच्या गाडीने लोकांना बरे वाटते, पण ती पिंपातल्या एकाही अळीला मारत नाही. एका डासावर चाललेला उपाय दुसऱ्यावर चालतोच असे नाही. म्हणून आधी डास ओळखायचा, मग उपाय ठरवायचा.

कर्जतचे भात संशोधन राज्यात नावाजलेले आहे. इथल्या कृषी संशोधन केंद्राच्या ‘कर्जत’ नावाच्या वाणांनी कोकणातली खाचरे भरली. त्याच खाचरांच्या साठल्या पाण्यात क्युलेक्स जातीचे काही डास वाढतात आणि ते जपानी मेंदूज्वराचे वाहक आहेत. हा विषाणू बगळे-ढोकरींसारख्या पाणपक्ष्यांत राहतो, डुकरांत वाढतो आणि डासामार्फत माणसात येतो. माणसापासून तो पुढे पसरत नाही, पण लहान मुलांच्या मेंदूला कायमची इजा करू शकतो. इथे बचावाचा मुख्य मार्ग लस हा आहे. एनआयव्हीने कर्नाटकातल्या कोलारमध्ये मिळवलेल्या विषाणूपासून बनलेली देशी लस २०१३ मध्ये उपलब्ध झाली, आणि २०२५ मध्ये पुणे आणि परभणीसह रायगड जिल्ह्यातही १ ते १५ वर्षांच्या मुलांसाठी लसीकरणाची विशेष मोहीम निघाली. डेंग्यू, चिकुनगुनिया आणि झिका यांच्याविरुद्ध आपल्या प्राथमिक आरोग्य केंद्रात द्यायला अशी लस नाही. तिथे सारा भार पाण्यावर आणि डासावर लक्ष ठेवण्यावर पडतो. त्यात डेंग्यूचे चार प्रकार. एकदा होऊन गेला म्हणून सुटका होत नाही. दुसऱ्या प्रकाराची लागण झाली तर आजार उलट अधिक गंभीर होण्याचा धोका असतो.

माणसांची ये-जा हा तिसरा धागा. कर्जत आणि खोपोलीच्या लोकल रोज हजारो लोकांना मुंबई-ठाण्याकडे नेतात आणि आणतात. शनिवार-रविवारी फार्महाऊस आणि माथेरान भरतात. सोमवारी ती फार्महाऊस रिकामी होतात, पण कुंड्यांखालच्या ताटल्या, न चालणारे कारंजे आणि गच्चीवरची उघडी टाकी तशीच राहते. दिवाळीनंतर कातकरी कुटुंबे वीटभट्ट्यांवर जातात आणि पावसाच्या तोंडावर वाडीत परततात. महामार्गालगतच्या पंक्चरवाल्यांकडे टायरांचे ढीग असतात, आणि प्रत्येक टायरात पाऊस साठतो. जंगलाच्या कडेला एडिस अल्बोपिक्टस हा दुसरा डास झाडांच्या ढोलीत आणि तोडलेल्या बांबूच्या खुंटात वाढतो. पागोळ्यांखाली ठेवलेले उखळ, गुरांची डोण, छपरावरच्या ताडपत्रीची खळगी यांचीही यादी करावी लागते. ही यादी प्रत्येक गावाची वेगळी असते, आणि ती त्या गावातल्या माणसानेच केली तर खरी उतरते.

पाहणीचे आकडे कसे वाचायचे, हेही शिकावे लागते. शंभर घरे तपासली आणि दहा घरांत अळ्या सापडल्या, तर गृह निर्देशांक दहा. त्याच दहा घरांत अळ्यांची तीस भांडी असतील, तर ब्रेटू निर्देशांक तीस. पण करवंटीतल्या चार अळ्या आणि हौदातल्या चारशे अळ्या या मोजणीत सारख्याच ठरतात. म्हणून जाणकार कोष मोजतात आणि सर्वाधिक डास देणारी भांडी शोधतात. एखाद्या वाडीत बहुतेक डास पाच-सहा मोठ्या हौदांतून येत असतील, तर तिथे घट्ट झाकण, गप्पी मासे किंवा अ‍ॅबेट हे अळीनाशक यांवर जोर द्यायचा. बाकीची धावपळ नंतर.

या शास्त्राच्या मर्यादाही सांगायला हव्यात. सिंगापूरने घरोघरच्या तपासणीने एडिस डास फार कमी केले, तरी तिथे डेंग्यूच्या साथी येतातच. लागण कमी झाल्याने लोकांतली प्रतिकारशक्ती घटते, हे त्याचे एक कारण. इंडोनेशियातल्या योग्यकर्ता शहरात वोल्बाखिया जीवाणू असलेले डास सोडल्यावर डेंग्यू ७७ टक्क्यांनी घटल्याचे २०२१ मध्ये प्रसिद्ध झाले. आशा वाढवणारा मार्ग आहे, पण विखुरलेल्या वाड्यांत तो कसा राबवायचा, हे काम पुढे आहे. आणि सर्वांत मोठी मर्यादा सामाजिक आहे. ज्या घरी नळ रोज येतो, त्या घराला पाणी साठवण्याची गरज नसते. पिंप ठेवल्याबद्दल वाडीतल्या बाईला दोष देण्याआधी तिच्या दारात नियमित पाणी पोचले पाहिजे. पाणीपुरवठा हा रोगप्रतिबंधाचाच भाग आहे, हे ग्रामपंचायतीच्या अंदाजपत्रकातही दिसायला हवे.

या वाटेवर येणाऱ्यांसमोर सोपे पण खरे प्रश्न आहेत. आपल्या गावात मे महिन्यात अळ्या कुठे असतात आणि ऑगस्टमध्ये कुठे? टँकर दोन दिवस चुकला, तर पिंपांची संख्या किती वाढते? वीटभट्टीवरून परतलेल्या कुटुंबांच्या तापाची नोंद कुणाच्या वहीत होते? खासगी दवाखान्यात येणारा ताप उपकेंद्रापर्यंत पोचतो का? याची उत्तरे पुण्या-मुंबईच्या प्रयोगशाळेत मिळणार नाहीत. त्यासाठी एक बॅटरी, एक वही आणि दर आठवड्याला त्याच दिवशी, त्याच घरांत जाण्याची चिकाटी पुरते. शाळेतल्या नववीच्या मुलांनी वर्षभर हे केले, तरी त्यांच्या गावाबद्दल त्यांना जे ठाऊक असेल ते इतर कुणालाच नसेल. हे ज्ञान हाती असले, की पुढच्या पावसाळ्यात उपकेंद्राला पहिल्या रुग्णाची वाट पाहावी लागणार नाही. म्हणून हे क्षेत्र मोठ्या पदव्या असलेल्यांसाठीच राखीव आहे असे कुणी मानू नये. कर्जत-खालापूरच्या प्रत्येक वाडीला असा एक अभ्यासक हवा आहे, आणि तो त्याच वाडीतला असावा.