गांवची राखण

नळदुर्ग प्रांताचा कारभार १८५३ सालीं निजामाकडून इंग्रजांकडे गेला, १८६० मध्यें परत निजामाकडे आला आणि १९४८ मध्यें निजामशाहीच संपली. सत्ता बदलत गेल्या, तरी धाराशिवाकडील गांवांची राखण पुष्कळ काळ गांवांकडेच राहिली.

चोराचा माग ज्या शिवेंत पोंचे, त्या गांवानें तो पुढें काढून द्यावा, नाहीं तर नुकसान भरावें, अशी महाराष्ट्रांतील जुनी रीत होती. जोखीम साऱ्या गांवाची. पण रात्रीं जागावें महार-रामोशांनीं आणि अधिकार चालवावा वतनदार पाटलानें! त्यास निवडण्याचा हक्क गांवकऱ्यांस नव्हता.

१९६७ च्या कायद्यानें महाराष्ट्रांत पोलीसपाटील सरकारनियुक्त झाला. पुढें २००७ च्या तंटामुक्त गांव मोहिमेनें समिती नेमण्याचें काम ग्रामसभेकडे दिलें. आम्हांस यांतच खरा पालट दिसतो. ज्यांच्या वाडवडिलांनीं केवळ पहारा दिला, त्यांनाहि आतां त्या सभेंत जाब विचारतां येतो. हा हक्क बजावण्याऐवजीं ग्रामसभा ओस ठेवणाऱ्या गांवानें मागाहून एकट्या पोलिसांस बोल लावूं नये, हेंच आमचें सांगणें आहे.