वाकळ, गोधडी आणि निवृत्तीनंतरचा धावदोरा

आपल्या १९९५ च्या दहावीच्या बॅचची स्मरणिका निघणार असे ठरले, तेव्हा संपादक मंडळाने मला सांगितले, "तुझ्या क्षेत्रातलं लिही, कृत्रिम बुद्धिमत्ता वगैरे." त्या विषयावर ऑफिसात दिवसभर बोलणे होतेच. म्हणून परवानगी घेऊन मी दुसराच विषय घेतला आहे. गोधडी. आपल्या कराडकडच्या बोलीत, वाकळ.

निमित्त आपल्याच ग्रुपवरचे आहे. गेल्या तीन-चार वर्षांत आपल्यापैकी अनेकांच्या आया निवृत्त झाल्या. कुणी शाळेतून, कुणी पोस्टातून, कुणी बँकेतून. आणि एकामागून एक फोटो येऊ लागले, 'आईची नवी गोधडी'. आपल्याला कार्यानुभवाच्या तासाला शिवण शिकवणाऱ्या बाईंनीही आता चौथी गोधडी पूर्ण केली आहे. एका मित्राचे वडील एसटीतून निवृत्त झालेले, ते बायकोला सुईत दोरा ओवून देता देता आता स्वतःच कडेचे टाके घालतात. एका फोटोखाली कुणीतरी लिहिले होते, "छान टाइमपास आहे काकूंना." लिहिणाऱ्याचा हेतू चांगलाच होता. पण त्या शब्दावर मी अडले, आणि गोधडीचा इतिहास शोधायला लागले.

तो फार मागे जातो. फाटक्या कपड्यांचे तुकडे जोडून केलेल्या वस्त्राला संस्कृतात 'कंथा' म्हणतात. बौद्ध भिक्खूंच्या वस्त्राची सुरुवातच चिंध्यांपासून आहे. उकिरड्यावर, रस्त्याच्या धुळीत पडलेल्या कापडाला पालीत 'पांसुकूल' म्हणत. ते गोळा करायचे, धुवायचे, रंगवायचे आणि शिवून चीवर करायचे. विनयपिटकात एक सुंदर हकिकत आहे. मगधातली बांधाबांधांनी आखलेली शेते पाहून बुद्धांनी आनंदाला विचारले, असे चीवर करता येईल का? आनंदाने तसे तुकडे कापून, जोडून दाखवले. भिक्खूंच्या चीवरात आजही ती शेतांची आखणी दिसते. पावसाळ्यानंतर चीवरदानाचा जो 'कठिन' विधी होतो, त्याचे नाव कापड ताणून शिवण्याच्या चौकटीवरून आलेले आहे.

हीच युक्ती पुढे उपखंडभर वेगवेगळ्या नावांनी दिसते. बंगालमध्ये कांथा, बिहारमध्ये सुजनी, सिंधमध्ये रल्ली, कर्नाटकात कौदी. आपल्याकडचे गोधडी आणि वाकळ हे दोन्ही शब्द मोल्सवर्थच्या कोशाच्या १८५७ च्या आवृत्तीत आहेत. नावे वेगळी, नक्षी वेगळी, पण टाका सगळीकडे एकच, धावदोरा. शिवणाच्या तासाला बाईंनी आपल्याला सगळ्यात आधी शिकवला तोच. (मुलांना त्या वेळी बागकामाला पाठवत, म्हणून त्यांच्यासाठी सांगते: सुई खाली-वर, खाली-वर, सरळ रेषेत. बस.)

गोव्याशी जोडलेला एक धागाही यात आहे. पोर्तुगीज काळात आफ्रिकेतून गुलाम म्हणून गोव्यात आणलेल्या लोकांपैकी काही पळून घाटावरच्या जंगलात गेले. त्यांचे वंशज, म्हणजे सिद्दी, आज उत्तर कन्नड जिल्ह्यात आहेत. त्यांच्यातल्या बायका 'कवंदी' शिवतात. कडेपासून सुरुवात, आत आत जात शेवट मध्यावर. चारही कोपऱ्यांवर कापडाच्या घड्यांची फुले. फुले नसली तर कवंदी नागडी दिसते, असे त्या मानतात. माझी आजीही वाकळ कडेकडूनच घालायची, कारण मधून सुरुवात केली तर कापड सरकून कडेला झोळ येतो.

आपल्या गावातल्या कॉलेजला ज्यांचे नाव आहे ते गाडगे महाराज चिंध्यांचे वस्त्र अंगावर घेत. लोक त्यांना गोधडे महाराजही म्हणत. ठिगळ हे गरिबीचे चिन्ह, आणि ज्याने ते आपणहून स्वीकारले त्याच्या अंगावर वैराग्याचे. हे दोन्ही अर्थ आपल्याकडे बरोबरीने चालत आले. मात्र ज्या बायका रात्रंदिवस ती ठिगळे लावत होत्या, त्यांना यातला कुठलाच अर्थ निवडायची सोय नव्हती. घरात अंथरायला-पांघरायला काही नव्हते, म्हणून त्या शिवत होत्या.

आता थोडा हिशेब, सवयीने. नऊ वारी लुगडे म्हणजे २७ फूट लांब आणि साधारण पावणेचार फूट पन्हा, म्हणजे सुमारे १०० चौरस फूट कापड. सात बाय पाच फुटांची वाकळ ३५ चौरस फुटांची. एका लुगड्यात जेमतेम तीन थर होतात. दोन लुगडी धरली तर सहा. वरचा आणि खालचा थर त्यातल्या त्यात धड कापडाचा, मध्ये विरलेले धोतर, जुने सदरे, परकर, शिंप्याकडची कातरणे. दोन-दोन सेंटिमीटरवर धावदोऱ्याची ओळ धरली तर सगळ्या ओळी मिळून सुमारे १६० मीटर शिवण होते. सेंटिमीटरला एक टाका म्हटले तरी एका वाकळेत १६ हजार टाके. हे सगळे स्वयंपाक, धुणे, शेत आणि पोरे सांभाळून. म्हणून हा उद्योग उन्हाळ्यातला. सुगी संपलेली, पाऊस यायचा असलेला, सारवलेल्या अंगणात लुगडे ताणून चार कोपऱ्यांवर दगड ठेवलेले आणि शेजारणी चार बाजूंनी बसलेल्या. ज्यांना जमत नसे त्या शिवणाऱ्या बायकांना नगावर पैसे किंवा धान्य देऊन शिवून घेत.

कापड तेव्हा किती जपून वापरत, हे आपल्याला खरे वाटणार नाही. मुंबईत कावसजी नानाभाई दावर यांनी १८५४ मध्ये पहिली कापड गिरणी काढली, पुढे गिरणीचे कापड गावोगाव पोचले, तरी खेड्यातल्या बाईला वर्षाला दोन लुगडी मिळाली तर पुष्कळ. दुसऱ्या महायुद्धात टंचाई एवढी वाढली की १९४३ मध्ये सरकारने कापडावर नियंत्रण आणले आणि कापडही रेशनवर मिळू लागले. त्या वर्षांत संसार केलेल्या बायकांनी चिंधी टाकणे आयुष्यभर शिकून घेतले नाही. आपल्या आज्या त्यांतल्याच.

मग वाकळ मागे का पडली? दोन गोष्टी जवळजवळ एकाच काळात झाल्या. टेरिलीन, नायलॉन आणि पुढे पॉलिएस्टरच्या साड्या आल्या. त्या विरत नाहीत, घाम शोषत नाहीत, थर सरकतात, टाका बसत नाही. आणि स्टीलची भांडी आली. दारात बोहारीण येऊ लागली. जुन्या साड्या दिल्या की स्टीलचा डबा किंवा पातेले मिळे. आईच्या फडताळातली निम्मी भांडी अशीच आलेली आहेत. ज्या साडीची वाकळ झाली असती, तिचे भांडे झाले. बाईच्या दृष्टीने हा सौदा शहाणपणाचाच होता. १६ हजार टाके वाचले. पांघरायला सोलापुरी चादर होती, पुढे रजई आली. पाहुण्यांसमोर गोधडी काढायची नाही, ती माळ्यावर ठेवायची, ही पद्धत आपल्या लहानपणीच पडली. ती खाली यायची फक्त घटस्थापनेच्या आधी, घरातले सगळे अंथरूण-पांघरूण कृष्णेवर धुवायला न्यायचे तेव्हा. ओली वाकळ दोघींनी दोन टोकांना धरून पिळायची. हात भरून येत. आपल्या वर्गातल्या मुलींना ते आठवत असेल.

आणि आता ती परत आली आहे, निवृत्तीनंतरचा छंद म्हणून. शहरातल्या दुकानांत ती चांगल्या किमतीला विकली जाते. पण मला महत्त्वाचे वाटते ते वेगळेच. गोधडीच्या एवढ्या मोठ्या इतिहासात ती फुरसतीने, स्वतःच्या आवडीने शिवणारी ही आपल्या घरांतली पहिलीच पिढी आहे. आजीला निवृत्ती नव्हती. निवृत्तीवेतन, रिकामी दुपार आणि "आज निळं लावू की तांबडं" असा प्रश्न, हे तिघे एकत्र प्रथमच आपल्या आयांच्या वाट्याला आले. माझी आई सरकारी दवाखान्यात परिचारिका होती. २०१६ मध्ये ५८ व्या वर्षी निवृत्त झाली. तिच्या गोधड्यांत पांढरे पट्टे असतात. त्या ड्यूटीच्या सुती साड्या. रात्रपाळ्यांची ती वर्षे तिने फेकली नाहीत आणि मिरवलीही नाहीत, चौकटीत बसवली. याला टाइमपास म्हणवत नाही.

चार वर्षांपूर्वी तिने आजीची जुनी वाकळ दुरुस्तीला काढली. वरचा थर पार विरला होता. इरकली काठाचे ते लुगडे उसवल्यावर आत निळ्या रेघांच्या कापडाचा हातभर तुकडा निघाला. आई म्हणाली, "हा दादाचा सदरा." माझा मोठा मामा अकराव्या वर्षी गोवराने गेला, एवढेच मला माहीत होते. त्याचा फोटो नाही. घरात त्याचा विषय निघत नसे. आजीने त्याचा सदरा कुणाला दिला नाही, जाळला नाही, दोन थरांच्या मध्ये शिवून टाकला. पुढच्याच वर्षी, ११ डिसेंबर १९६७ च्या पहाटे, कोयनेचा भूकंप झाला. घराच्या भिंती तडकल्या, आणि कितीतरी रात्री सगळे थंडीत अंगणात झोपले, ते याच वाकळेखाली. नऊ वर्षांची आई मधोमध. हे सगळे तिने मला त्या दुपारी सांगितले, टाके उसवता उसवता. आधी कधी नाही.

तो तुकडा कुणाचा हे सांगू शकणारी आता ती एकटीच आहे. माझ्या क्षेत्रात अशी अवस्था नेहमी दिसते. प्रणाली वर्षानुवर्षे चालत असते, पण ती तशी का बांधली हे कुठे लिहिलेले नसते, आणि ते माहीत असलेला माणूस निवृत्त झालेला असतो. त्याला फोन लागतो तोवर ठीक.

अमेरिकेतल्या अलाबामा राज्यातल्या जीज बेंड या वस्तीतल्या कृष्णवर्णीय बायकांच्या गोधड्या २००२ मध्ये ह्यूस्टनच्या आणि न्यूयॉर्कच्या संग्रहालयांत लागल्या. २००६ मध्ये त्यांच्यावर टपाल तिकिटेही निघाली. त्यांत १९४२ ची एक गोधडी आहे. मिसूरी पेटवे या बाईंनी वारलेल्या नवऱ्याच्या कामावरच्या कपड्यांची ती शिवली. विटलेल्या पँटी, सदरे, गुडघ्याचे डाग तसेच. ती पाहणाऱ्याला आज हे कळते, कारण त्यांच्या मुलीने ते सांगितले आणि कुणीतरी लिहून घेतले. नाहीतर तो नुसता निळा-करडा चौकोन राहिला असता.

आपली पिढी या साखळीच्या टोकाला आहे. आपल्या कपाटांत टी-शर्ट, लेगिंग, पॉलिएस्टर मिसळलेले कुर्ते. यांची गोधडी नीट होत नाही, मी आईकडून करून पाहिली आहे. सुती साड्यांचा शेवटचा साठा आपल्या आया, मावश्या आणि बाईंच्याच पेट्यांत आहे. तो साठा आणि त्याची माहिती दोन्ही एकाच वेळी संपणार आहेत.

म्हणून मित्र-मैत्रिणींनो, एक विनंती. माळ्यावरची वाकळ खाली काढा. आई, सासूबाई, आत्या, जी कुणी असेल तिच्याजवळ बसा आणि तीन प्रश्न विचारा. कुणी शिवली? कधी शिवली? कुठला तुकडा कुणाचा? उत्तरे कागदावर लिहाच, शिवाय एका सुती पट्टीवर न धुपणाऱ्या शाईच्या पेनाने नाव आणि साल लिहून ती पट्टी मागच्या बाजूला टाचून टाका. ज्यांच्या आया आता नवीन शिवत आहेत त्यांनी तर हे आजच करावे. शिवणारीचे नाव गोधडीवर असावे, एवढा तिचा हक्क नक्कीच आहे. पट्टी टाचायला धावदोरा पुरतो. बागकामाला गेलेल्या मुलांनाही तो दहा मिनिटांत येईल, आणि नाही आला तर आपल्या बाई शिकवायला तयार आहेत. मी विचारून घेतले आहे.

फोटो आणि माहिती माझ्याकडे पाठवा. यादी नीट लावून ठेवायचे काम माझ्याकडे.