दुसऱ्याच्या घरचा वाढदिवस : सुरक्षेविषयी कसे विचारावे?

प्रतिनिधी, पनवेल

मुलांचे वाढदिवस आता दिवाणखान्यातून सोसायटीच्या सभागृहात, इमारतीच्या गच्चीवर आणि पनवेल परिसरातील फार्महाऊसवर गेले आहेत. जागा बदलली, तसे धोकेही बदलले. मात्र यजमानांना त्याविषयी विचारणे म्हणजे त्यांच्या आदरातिथ्यावर शंका घेणे, अशा समजुतीने अनेक पालक गप्प राहतात. मुंबईत २९ डिसेंबर २०१७ रोजी मध्यरात्रीनंतर कमला मिलच्या आवारातील गच्चीवरच्या उपाहारगृहांना आग लागून १४ जण मृत्युमुखी पडले. त्यांत वाढदिवस साजरा करण्यासाठी आलेली एक तरुणीही होती. बाहेर पडण्याचा मार्ग कोठे आहे, हा प्रश्न म्हणूनच आगाऊ विचारण्याचा आहे.

काय विचारावे?

* पाणी : फार्महाऊसवर पोहण्याचा तलाव असल्यास त्याला कुंपण आहे का? मुलांवर नजर ठेवण्याचे एकच काम कोणा प्रौढाकडे सोपवले आहे का? बुडणारे मूल बहुधा ओरडू शकत नाही. गाण्यांच्या गोंगाटात ते कोणाच्या लक्षातही येत नाही.
* फुगे : गॅसचे फुगे पुष्कळदा हायड्रोजनने भरलेले असतात. हा वायू ज्वालाग्राही आहे. केकवरील मेणबत्ती किंवा औक्षणाचे निरांजन जवळ येताच अशा फुग्याचा भडका उडू शकतो. हेलियम पेट घेत नाही. तोंडाने फुगवलेले फुगे आगीच्या दृष्टीने अधिक सुरक्षित. परंतु फुटलेल्या फुग्यांचे तुकडे लहान मुलांच्या हाती लागू देऊ नयेत.
* खाऊ : पाच वर्षांखालील मुलांच्या घशात चिवड्यातील अख्खे शेंगदाणे अडकण्याची भीती असते. मुलाला एखाद्या पदार्थाची अ‍ॅलर्जी असल्यास ती स्पष्टपणे सांगावी.

केव्हा आणि कसे?

दोन-तीन दिवस आधी, दूरध्वनीवर आणि एकट्या यजमानांशीच बोलावे. पालकांच्या व्हॉट्सअ‍ॅप गटावर किंवा पाहुण्यांसमोर विषय काढल्यास यजमानांना अवघडल्यासारखे होते. आधी आमंत्रणाबद्दल आभार मानावेत, मग आपल्या मुलाचे निमित्त पुढे करावे आणि शेवटी मदतीची तयारी दाखवावी. उदाहरणार्थ, ‘वहिनी, आमचा धाकटा पाणी दिसले की थांबत नाही. तलावापाशी कोणी मोठे माणूस असणार आहे ना? नसेल तर मी तिथे बसेन.’ या बोलण्यात दोषारोप नाही आणि यजमानांचा भारही हलका होतो.

उत्तराने समाधान झाले नाही, तर वाद न घालता स्वतः मुलासोबत जावे अथवा केवळ केक कापण्यापुरती हजेरी लावावी. भेटवस्तू देऊन नम्रपणे नकार कळवणेही गैर नाही.

प्रत्यक्ष धोका दिसल्यास मात्र शिष्टाचार बाजूला ठेवावा. मेणबत्ती पेटवण्यापूर्वी फुगे दूर करावेत, पाण्याजवळच्या मुलाला तत्काळ उचलावे. स्पष्टीकरण नंतर देता येते. आपत्कालीन मदतीसाठी ११२, रुग्णवाहिकेसाठी १०८ आणि अग्निशमन दलासाठी १०१ हे क्रमांक लक्षात ठेवावेत.