खाजेचा गुन्हेगार

गिनीपिग मोठा सोशिक प्राणी. खाज सुटली तर अंग ओरबाडील, त्याचे केस झडतील, वजन उतरेल. पण काय होते ते सांगायचा नाही. त्यातच घरातल्या मुलाच्या हातावर गजकर्ण उमटले, की सारे खापर त्याच्या पिंजऱ्यावर फुटते. ते खरे कुणावर फोडावे, हे कळायला माणसाला जवळजवळ तीनशे वर्षे लागली. मला तो इतिहास रहस्यकथेसारखा वाटतो.

१६८७ साली इटलीत बोनोमो आणि चेस्टोनी यांनी माणसाच्या खरजेचा किडा सूक्ष्मदर्शकाखाली पाहिला; पण विद्वानांनी दूषित रक्ताचा सिद्धान्त सोडला नाही. १८१२ मध्ये पॅरिसच्या गालेस याने किडा सापडल्याचे जाहीर केले. पुढे त्याच्या चित्रातला किडा चीजमधला निघाला! अखेर १८३४ साली रेनुची नावाच्या विद्यार्थ्याने पॅरिसमध्येच सुईच्या टोकावर खरा किडा काढून दाखवला. ही विद्या त्याने आपल्या कॉर्सिका बेटावरच्या बायकांकडे पाहून घेतली होती. डॉक्टर फोडात शोधीत. बायका कातडीतल्या बिळाच्या टोकाशी! गिनीपिगला छळणारा त्या किड्याचा भाऊबंद, ट्रिक्सॅकॅरस, मात्र शास्त्राच्या दप्तरी १९७२ साली दाखल झाला.

गजकर्णातला आरोपी निराळा, तो बुरशी. अमेरिकन पदार्थवैज्ञानिक रॉबर्ट वुड यांनी १९०३ मध्ये अतिनील किरणांसाठी काचेची गाळणी केली. त्या प्रकाशात गजकर्णाचे काही केस हिरवे चमकतात, हे १९२५ साली फ्रान्समध्ये दिसले. दिवाळीत दिव्याची तक्रार करू नये. पण हा दिवा अर्धेच सांगतो. मांजराच्या अंगची बुरशी बऱ्याचदा चमकते, गिनीपिगच्या अंगची ट्रायकोफायटॉन चमकत नाही. दिव्यावरच विसंबणारा रोगी जनावराला निरोगी ठरवून मोकळा होईल.

१९६३ साली मॅकेन्झी यांनी यावर साधा उपाय काढला. न चमकणाऱ्या गजकर्णासाठी त्यांनी मुलांच्या डोक्यावरून ब्रश फिरवला आणि त्यावर आलेली बुरशी प्रयोगशाळेत वाढवली. आज जनावरांसाठी दात घासायचा कोरा ब्रश पुरतो.

बुरशी उगवायला कधी दोन-तीन आठवडे लागतात. तेवढा धीर धरावा. बुरशीच्या मलमाने किडा मरत नाही, आणि किड्याच्या औषधाने बुरशी जात नाही. अंदाज चुकला तर मुके जनावर खाजवीतच राहते.